आधी केबिन, मग गॅस

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की पैनगंगेचा पूल ओलांडून आदिलाबादेत येणाऱ्या गाड्यांची आपल्या गॅरेजांत एकच मागणी असते: ‘कूलिंग येत नाही, गॅस भरून द्या.’ आपणही भरून देतो. गेज लावायचा, कॅन उलटा धरायचा, पैसे मोजून घ्यायचे. उस्ताद खूश होऊन निघतो आणि निर्मल गाठेपर्यंत त्याचे बनियन पुन्हा भिजलेले असते. अशा गाडीत पुष्कळदा यंत्र ठीक असते, केबिन बिघडलेली असते. ती तपासायची सवय आपल्या धंद्याला लागलेली नाही.

नितीन गडकरींनी जून २०२३ मध्ये ट्रकचालकांच्या एसीची घोषणा केली आणि त्याच डिसेंबरात अधिसूचना निघाली. साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली. नव्या गाड्यांचे ते कंपन्या पाहतील. पण बेला, जैनथ, तांसीकडचा कापूस जिनिंगला आणणाऱ्या आणि गाठी घेऊन नागपूर-हैदराबाद करणाऱ्या गाड्यांत ‘एपी ०१’ पाटीच्या जुन्या गाड्या अजून आहेत. त्यांच्या केबिनी बॉडीवाल्याने पत्रा आणि लाकूड ठोकून बांधल्या, तेव्हा एसीचा विचार कुणाच्या मनात नव्हता. मालक आता त्यांतच एसी बसवून मागतो. हे काम आपल्याकडे येणार आहे, येतेच आहे.

म्हणून गेजच्या आधी थर्मामीटर हातात घ्या. आत ओढली जाणारी हवा आणि जाळीतून बाहेर पडणारी हवा, दोन्ही मोजा. दहा-बारा अंशांचा फरक असेल तर एसी आपले काम करतो आहे आणि गॅसच्या कॅनला हात लावायचे कारण नाही. मग केबिनकडे वळा. दारे-काचा बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि पेटती अगरबत्ती पेडलांच्या भोकांपाशी, वायरिंगच्या छिद्रांपाशी, दाराच्या रबरापाशी फिरवा. धूर हलला तिथे बाहेरची ४४ अंशांची हवा आत येते आहे. टपावर एसी बसवला असेल तर त्याचे झाकण उघडून आत जरूर पाहा. थंड हवेचा मार्ग आणि परत ओढायच्या हवेचा मार्ग यांच्यामध्ये फट राहिली, तर थंड हवा केबिनमध्ये न उतरता तशीच मागे खेचली जाते. यंत्राला वाटते केबिन गार झाली, आणि झोपायच्या बर्थवर तसूभरही फरक पडत नाही. अशा वेळी जाळीवरचे आकडे उत्तम दिसतात, एवढे मात्र ध्यानात ठेवा. उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची टेप आणि अर्ध्या तासाची मेहनत. परदेशात फिरत्या घरांचे हौशी मालक हे काम अंगणात बसून स्वतः करतात. आपला ड्रायव्हरही करू शकेल, फक्त त्याला कुणी दाखवलेले नसते.

टपाचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडते. चार चौरस मीटरच्या टपावर चार किलोवॉट झाले, आणि एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता उपसतो. ते सगळे ऊन आत शिरत नाही हे खरे, पण टप मरून किंवा गडद निळा असेल तर बराच वाटा आत येतो. पांढरा रंग हा यावरचा सगळ्यांत स्वस्त इलाज. तेलंगण सरकारने २०२३ साली घरांच्या छतांसाठी कूल रूफ धोरण आणले. ट्रकच्या टपाला वेगळे शास्त्र लागत नाही. रंगानंतर आतून चिकटणारे नायट्रिल रबर लावा. ग्लासवूल टपात घालू नये, कारण पहिल्या गळतीला ते पाणी पिऊन लोंबते. थर्माकोल तर इंजिनाच्या आसपास नकोच, आग लागली तर त्याचा धूर ड्रायव्हरला बाहेरही पडू देणार नाही. इंजिनाच्या बोनेटवर उष्णता सोसणारे, फॉइल लावलेले अस्तरच हवे. आणि चकाकत्या फॉइलसमोर हवेची पोकळी नसेल तर त्या फॉइलचा काही उपयोग नाही. दोन पत्र्यांत दाबून बसवलेले फॉइल निव्वळ पैशाची नासाडी.

काचांवर काळी फिल्म लावून मागणाऱ्याला २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. गाडी उभी असताना समोरच्या काचेवर बाहेरून चकाकता पडदा टाकायला कुणाची हरकत नाही. बाहेरूनच टाकायचा, आतून लावला तर काचेतून आलेली उष्णता आतच राहते.

एवढे करून गॅस भरायचीच वेळ आली तर गळती शोधा, व्हॅक्यूम काढा आणि काट्यावर वजन करून भरा. आदिलाबादच्या मे महिन्यात आर-१३४एच्या हाय साइडला अडीचशे पीएसआय दिसले म्हणून बिचकू नका. जास्तीचा गॅस मात्र दाब चढवून कंप्रेसर बंद पाडतो, आणि उस्तादाला वाटते गॅस कमी आहे. ज्वालाग्राही गॅसची मिसळ करणाऱ्यांबद्दल काय बोलावे? कूलिंग कॉइल केबिनच्या आत असते आणि शेजारी बिडी पेटते.

आपल्या भागाचा एक खास रोग म्हणजे कापूस. हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कंडेन्सरवर रुईचा थर बसतो आणि वारा अडतो. उन्हाळ्यात येणारी तक्रार तिथे सुरू झालेली असते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूस, हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंपाने फिन मोडतात.

डबल मजा म्हणून एसीबरोबर केबिनमध्ये छोटा पाण्याचा कूलर ठेवणारेही भेटतात. कूलरचे पाणी हवेत जाते आणि एसीला तेच पुन्हा गोळा करावे लागते. नुसता कूलर मे महिन्यात चालेल. ४३ अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर तीस अंशांच्या आसपासची हवा देतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी. जुलैत तो नुसता चिकचिकाट देईल.

रात्री उभ्या गाडीत झोपणाऱ्यांसाठी बॅटरीवरचा एसी विकताना हिशोब तोंडी न सांगता कागदावर मांडा. ८०० वॉटचा एसी २४ व्होल्टवर सुमारे ३३ अँपिअर ओढतो. १५० एएचचा जोड अर्ध्याखाली उतरवायचा नाही असे धरले, तर मिळतात सव्वादोन तास. रात्रभर हवा असेल तर बॅटऱ्या वाढवाव्या लागतील, आणि मघाचे अस्तरकाम केले असेल तर कमी वाढवाव्या लागतील. इंजिन चालू ठेवून झोपायचा सल्ला कुणालाही देऊ नका. डिझेल जाते ते वेगळेच, पण सायलेन्सर फुटका असेल तर धूर केबिनमध्ये येतो आणि झोपलेल्याला ते कळत नाही.

गॅस भरण्यातच कमाई आहे, फटी बुजवण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या बिलबुकात आहे. ‘एसी काम’ या एका ओळीऐवजी तपासणी, गळती, ग्रॅममध्ये गॅस, रबर-टेप आणि अस्तराचे चौरस फूट अशा वेगळ्या ओळी लिहा, प्रत्येकीचा दर लावा, आणि कामाआधीचे व नंतरचे तापमान त्याच कागदावर नोंदवून मालकाची सही घ्या.