‘परचेस’ कशाला? ‘बाय’ म्हणा की!

तालुक्याच्या गावात आज गल्लोगल्ली ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या दिसतात. आत शिकवतात मात्र अर्जातलं इंग्रजी. पोरगं तीन महिन्यांनी बाहेर येतं आणि म्हणतं, ‘आय वॉन्ट टू परचेस अ पेन.’ व्याकरण एकदम पक्कं. पण लंडनचा माणूस दुकानात असं बोलत नाही. तो सरळ ‘बाय’ म्हणतो. ‘असिस्ट’ नाही, ‘हेल्प’. ‘एन्क्वायर’ नाही, ‘आस्क’.

एकाच अर्थाचे असे दोन-दोन शब्द आले कुठून? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढं कित्येक पिढ्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालली. शेतकरी-कामकरी मात्र आपलं जुनं इंग्रजीच बोलत राहिले. ‘बाय’, ‘हेल्प’, ‘आस्क’ हे त्या घरातले शब्द. ‘परचेस’, ‘असिस्ट’, ‘एन्क्वायर’ हे फ्रेंचमधून आलेले. त्यांचा दरबारी थाट अजून गेलेला नाही.

आपल्याकडं इंग्रजी आली तीच मुळी कचेरी, कोर्ट आणि क्रमिक पुस्तकांतून. म्हणून ‘काइंडली डू द नीडफुल’ आपण आजही लिहितो. ब्रिटनमध्ये ते कधीच जुनाट झालंय. टपरीवर जाऊन कुणी ‘सदर चहाचे देयक किती?’ विचारलं तर कसं वाटेल? तसंच आहे हे.

बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ च्या निबंधात छोटा शब्द चालत असेल तर लांबलचक वापरू नका, असं बजावलं होतं. अमेरिकेनं तर २०१० मध्ये सरकारी कागद सोप्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला.

आता दुसरी बाजू. औपचारिक शब्द वाईट नाहीत. अर्जात, नोटिशीत ते हवेतच. मुलाखतीला जाऊन ‘गोना’, ‘वाना’, ‘या या’ केलं तर तेही शोभत नाही. आणि ‘पुट ऑफ’पेक्षा ‘पोस्टपोन’ आपल्याला सोपा वाटत असेल तर खुशाल वापरा, समोरच्याला कळतं. मुद्दा एवढाच, की कुठं काय बोलायचं हे शिकवा.

कारण नुकसान पोरांचं होतंय. मुलाखतीत ‘स्टार्ट’ ओठावर असतो, पण ‘कमेन्स’ आठवत नाही म्हणून हुशार पोरगी गप्प बसते. समोरच्याला वाटतं, हिला काही येतच नाही. गावाकडच्या पोरांना आपण इंग्रजी कमी आणि इंग्रजीची भीती जास्त शिकवतोय.

पालकहो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा: तासाभरात माझं लेकरू स्वतः किती मिनिटं बोलणार? उत्तर ‘आम्ही भारी नोट्स देतो’ असं आलं, तर पैसे खिशातच ठेवा.

तुमच्या पोरांचा अनुभव काय? कमेंटमध्ये जरूर लिहा.