गिटार स्वस्त आहे की वाईट?



गेल्या पावसाळ्यात माझ्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी घोटाळत राहिला. एखादे गणित अडले असेल, असे मला वाटले. पण त्याने विचारले ते निराळेच. "सर, कान वाईट असला तर तो सुधारता येतो का?"

खोदून विचारले तेव्हा सारा प्रकार कळला. दोन वर्षे साठवलेले दिवाळीचे आणि बक्षिसांचे पैसे, त्यात वडिलांची तेवढीच भर, असे मिळून तीसेक हजारांना त्याने एक विजेची गिटार घेतली होती. पोकळ पोटाची, वरच्या फळीला व्हायोलिनसारखी 'एफ' आकाराची दोन भोके असलेली. लांबच्या प्रवासानंतर ती खोक्यातून घरी आली. मानेच्या टोकाकडचे सूर त्यातल्या त्यात बरे लागत, पण बोटे वरच्या पडद्यांकडे सरकली की सारे बिघडे. शिकवणाऱ्या गुरुजींनी दोन मिनिटे वाजवून ती परत दिली आणि म्हणाले, "प्लायवुडचे खोके आहे हे, यात सूर कुठून येणार?" वडील म्हणाले, पैसे पाण्यात गेले. आणि मुलाने ठरवले की आपला कानच वाईट.

तीन माणसांनी तीन निकाल दिले, पण मोजून कोणीच पाहिले नव्हते! वाद्य बेसूर असले की दोष शिकणाऱ्या पोराला चिकटतो, याचा मला फार राग येतो. तुमच्यापैकी कोणी उद्या असे वाद्य घ्यायला निघाला, तर त्याने निकाल देण्यापूर्वी काय तपासावे, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न असा विचारावा की या वाद्यात कोणता भाग कोणते काम करतो. तंबोरा घ्या. त्याची तार एकटी वाजवली तर आवाज जेमतेम ऐकू येतो, कारण बारीक तार हवेला फारशी हलवू शकत नाही. तारेचे कंपन घोडीवाटे तबलीला आणि भोपळ्याला मिळते, आणि तो मोठा पृष्ठभाग हवा हलवतो. म्हणून तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड यांना महत्त्व. साध्या गिटारीतही हेच घडते.

विजेच्या गिटारीत मात्र तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. ही तार केसाइतकी बारीक, सुमारे 0.06 मि.मी. जाडीची, आणि तिचे वेढे काही हजार. वर ताणलेली पोलादी तार चुंबकामुळे स्वतः किंचित चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली जे शोधले, तेच हे प्रवर्तन. अ‍ॅम्प्लिफायर हा दाब वाढवून कर्ण्याला देतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप मुका राहील.

म्हणजे इथे हवा हलवण्याचे मुख्य काम कर्ण्याचे आहे. मग पोट पोकळ कशाला? एक कारण इतिहासाचे. गिब्सन कंपनीची ईएस-150 ही गिटार 1936 मध्ये निघाली, तेव्हा ती जुन्या पोकळ गिटारीवर बसवलेला पिकअपच होती. चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर जाझ वाजवून दाखवले आणि तोवर बँडच्या गोंगाटात बुडणारी गिटार ऐकू येऊ लागली. दुसरे कारण सुराचे. पोकळ पोटाची फळी तारेकडून थोडी ऊर्जा घेते, म्हणून सूर लवकर विरतो आणि त्याला एक मऊपणा येतो. हा मऊपणा आवडणारे आजही पुष्कळ आहेत.

पण या पोकळीची एक खोड आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर आला की तो कसा किंचाळतो, ते तुम्ही ऐकलेच असेल. येथेही तेच होते. कर्ण्याचा आवाज गिटारीची फळी हलवतो, फळी तार हलवते, पिकअप ते कंपन पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो, आणि चक्र वाढत जाते. फळी जितकी पातळ आणि 'बोलकी', तितका हा त्रास अधिक.

आता त्या 'प्लायवुडच्या खोक्या'कडे वळू. साध्या गिटारीत एकसंध लाकडाची पातळ फळी श्रेष्ठ मानतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे फळीनेच बोलायचे असते. पण तोच निकष उचलून विजेच्या पोकळ गिटारीला लावणे म्हणजे बैलाला दुधावरून जोखण्यासारखे झाले. इथे फळी थोडी अबोल असली तर किंचाळणे कमी होते. म्हणून 1949 मध्ये निघालेल्या गिब्सनच्या ईएस-175 गिटारीची फळी मुळातच थर चिकटवलेल्या मेपल लाकडाची होती. त्यात खर्चही वाचला, हे खरे. पण जो पास यांच्यासारख्या जाझ वादकांनी ती वर्षानुवर्षे वाजवली. 1958 च्या ईएस-335 मध्ये तर पोटाच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळाच बसवला, म्हणजे पोट अर्धे पोकळ, अर्धे भरीव. बीटल्सच्या जॉन लेनन यांची एपिफोन कसिनो ही पूर्ण पोकळ गिटार. तीही थरांच्याच लाकडाची. तेव्हा प्लायवुड हे नाव ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही.

आपल्याकडे तर त्याचा आणखी एक फायदा आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण रेषांच्या आडव्या दिशेने अधिक, लांबीच्या दिशेने फारच कमी. प्लायवुडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला रोखून धरतो. कोकणातला श्रावण आणि विदर्भातला वैशाख सोसायचा तर ही गोष्ट लहान नव्हे.

मग स्वस्त गिटार स्वस्त कशामुळे होते? लाकडात थोडे वाचते. पिकअपच्या तांब्यात आणि चुंबकात थोडेसेच. खरी बचत होते माणसाच्या हातात. पडद्यांच्या खाचा आज संगणकावर चालणारी यंत्रे कापतात, आणि ती कारखान्याकारखान्यांत सारखीच अचूक असतात. पण पडद्यांची टोके कानशीने घासून गुळगुळीत करणे, सर्व पडदे एका पातळीत आणणे, मानेच्या टोकाला असलेल्या नट नावाच्या पट्टीच्या खाचा योग्य खोलीच्या करणे, घोडी जागेवर लावणे, ही कामे वेळखाऊ. स्वस्त गिटारीत हा वेळ कापलेला असतो. म्हणजे वाद्य वाईट नसते, पुष्कळदा ते नुसते अपुरे असते.

अपुरे आणि वाईट यांतला फरक ओळखायला एक पोलादी पट्टी आणि मोबाइलमधले सूर दाखवणारे अ‍ॅप पुरते. आम्ही त्या मुलाची गिटार प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर 314 मि.मी. भरले. बारावा पडदा मुळातल्या सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला सूर देतो, म्हणजे तिथे तारेची लांबी निम्मी झाली पाहिजे. म्हणून बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतही 314 यायला हवे. आले 309.

या जातीच्या पुष्कळ गिटारींची घोडी चिकटवलेली किंवा खिळलेली नसते. तंबोऱ्याच्या मण्यासारखी ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते. प्रवासात तारा सैल केल्या असतील आणि ती मानेकडे सरकली असेल. परिणाम पाहा. खुली तार आता 623 मि.मी. आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली 309. कंप्रता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. 623 ला 309 ने भागा, 2 ऐवजी 2.016 येतात. सर्वांत बारीक तार खुली असताना 330 हर्ट्झला लावली तर बाराव्या पडद्यावर 660 ऐवजी 665 हर्ट्झ मिळतात. शेजारी कोणी बरोबर सूर वाजवला तर सेकंदाला पाच विस्पंद ऐकू येतील. मुलाला जे खटकत होते ते हेच. त्याचा कान वाईट तर नव्हताच, उलट गुरुजींपेक्षा चांगला होता म्हणायचा!

तारा सैल करून घोडी मागे नेली. 314 वर न थांबता एक-दोन मि.मी. अधिकच, कारण बोटाने दाबताना तार ताणली जाते आणि सूर आणखी थोडा चढतो. जाड तारांच्या बाजूला हे अंतर जास्त द्यावे लागते, म्हणून घोडी किंचित तिरपी बसते. काम पाऊण तासाचे, खर्च शून्य.

पडद्यांच्या जागाही तपासून पाहा. नटपासून पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर म्हणजे पूर्ण लांबी भागिले 17.817. आमच्या 628 मि.मी. लांबीला ते 35.2 येते. मग उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असे बारा वेळा केले की बरोबर निम्मे उरते. यामागचा इतिहास मोठा गमतीचा आहे. व्हिन्सेंझो गॅलिली यांनी 1581 च्या आपल्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी 18 ने भागण्याचा नियम दिला होता. त्याने 628 मि.मी. लांबीवर बाराव्या पडद्याशी सव्वादोन मि.मी.ची चूक होते; हाताने पडदे बांधणाऱ्याला ती चालून जाई. सूर एक सप्तक चढवायला तारेला वजन दुप्पट नव्हे, चौपट टांगावे लागते, हेही त्यांनी करून पाहिले. हे गृहस्थ म्हणजे आपल्या गॅलिलिओचे वडील. पुस्तकात लिहिले आहे म्हणून मानायचे नाही, हे मुलगा कुठे शिकला असेल त्याचा अंदाज करा.

मानेकडे जरा नीट पाहावे. सहा तारांचा मिळून ताण सुमारे 45 किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडासाच कमी, आणि तो अहोरात्र मान वाकवू पाहतो. ताणलेली तार ही उत्तम फूटपट्टी आहे. ती पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि मधल्या पडद्यावर फट किती राहते ते पाहा. लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट ठीक. जास्त असेल तर मानेतल्या पोलादी सळईचा पेच थोडा फिरवून ती कमी करता येते. पण दोन कडांच्या तारांखाली फट वेगवेगळी दिसली तर मान पिळली आहे, असे समजावे. पिळलेल्या मानेची गिटार पाच हजारांना मिळाली तरी महागच.

माझ्या मते मोल ठरवण्याची खरी रेघ इथे आहे. खुंट्या, तारा, नट, पिकअप, आवाज कमीजास्त करण्याची बटणे, हे सारे बदलता येते, आणि एकेक करून, पैसे जमतील तसे. मान, पडद्यांच्या जागा आणि मान पोटाला ज्या कोनात जोडली आहे तो कोन, हे बदलायचे म्हणजे नवी गिटार घेणे. दुकानात गेलात की नेमके उलटे घडते: चकाकणारा रंग आणि सोनेरी खुंट्या आधी दिसतात, मान कोणी पाहत नाही.

पिकअपविषयी थोडेच सांगतो. मल्टिमीटरने रोध मोजला तर तो साधारण 5 ते 15 किलोओहम भरतो. काटा हललाच नाही तर आतली तार तुटली आहे. यापलीकडे त्या आकड्यावरून गुणवत्ता ठरत नाही. जास्त ओहम म्हणजे चांगला पिकअप, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या. गिटारीला हात न लावता घूं असा आवाज येत असेल तर तो घरातल्या 50 हर्ट्झ विजेचा. दोन वेटोळी उलटसुलट जोडून हा घुंकार मारण्याची युक्ती सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये काढली, आणि आज ती स्वस्त गिटारींतही असते. अ‍ॅम्प्लिफायर मात्र उघडून पाहू नका. त्यातल्या धारित्रांमध्ये बटण बंद केल्यावरही धोकादायक दाब राहू शकतो.

महागड्या वाद्यात काही नसतेच, असे मी म्हणणार नाही. तिथे हाताचे काम पुरते झालेले असते आणि ते बोटांना पहिल्या मिनिटात कळते. पण नावाचा आपल्या कानावर फार दाब पडतो, हेही खरे. 2010 मध्ये इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांत तीन नवी होती, दोन स्ट्राडिव्हारी आणि एक ग्वार्नेरी. सर्वांत जास्त पसंती एका नव्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला! ती नवी व्हायोलिने स्वस्त नव्हती, हे ध्यानात ठेवा. त्यावरून कुठलेही वाद्य कुठल्याही वाद्याइतके चांगले, असा अर्थ कोणी काढू नये.

आमच्या मुलाच्या गिटारीची पहिल्या पडद्यावरची जाड तार अजून थोडी चढी लागते. नटची खाच उथळ आहे, तिला बारीक कानस हवी. आणि एक खुंटी सैल आहे. दिवाळीत नवा संच घेईन म्हणतो. गुरुजींना त्याने काय झाले होते ते सांगितले की नाही, ते मी विचारलेले नाही.