पाण्याची पाळी

ख्रिस्ती शिक्षकास एक संवय सहज लागते. डोळ्यांसमोर जें येईल त्यांतून बोध काढावयाचा, ही ती संवय. मुंगी दिसली कीं उद्योगाचा धडा, दिवा दिसला कीं साक्षीचा धडा, वर्गांतला फळा पुसला कीं पापक्षमेचा धडा! ही रीत आमच्या प्रभूनेंच घालून दिली आहे. पेरणारा, खमीर, हरवलेलें मेंढरूं, द्राक्षमळ्यांतले मजूर, दिव्यांत तेल नसलेल्या कुमारी, असे त्याचे दृष्टांत घरांतून आणि शेतांतूनच उचललेले आहेत. तेव्हां ही संवय टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रभूचे दृष्टांत ऐकून लोक अस्वस्थ होऊन घरीं जात, आणि आमचे बोध ऐकून मुलें स्वस्थ चित्तानें वर्गांत जाऊन बसतात. हा फरक कां पडतो, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर एका विद्यार्थ्यानें आणला. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बारामती व इंदापूर हे आमचे दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथें येईपर्यंत विरून जातो. वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास पडला म्हणजे पुष्कळ झालें. 1876-77 च्या भयंकर दुष्काळानंतर नीरा नदीचें पाणी या कोरड्या मुलखाकडे वळविण्यांत आलें, आणि 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला. पुढें वेळवंडी नदीवर भाटघर येथें 1928 सालीं लॉईड धरण पुरें झालें, व 1960 च्या दशकांत वीरचें धरण उभें राहिलें. हा कालवा पुरंदरांतून बारामतींत आणि बारामतींतून इंदापुरांत जातो. त्याच्या दोन्ही अंगांस ऊंस डोलतो, साखरेचे कारखाने चालतात, आणि थोडें दूर गेलें कीं जिरायत माळ सुरू होतो. हिरवा आणि करडा हे दोन रंग एकाच बांधाच्या दोन बाजूंस पाहावयाचे असतील, तर आमच्या भागांत यावें.

एके दिवशीं सकाळच्या उपासनेंत आम्ही या कालव्यावर बोललों. देवाची कृपा कालव्यासारखी अखंड वाहते. जो तिच्या कांठीं मूळ धरून राहतो तो हिरवा राहतो, जो दूर जातो तो सुकतो, असा आमच्या बोलण्याचा आशय होता. बोलणें आमच्या मतें बरें साधलें होतें. उपासना संपल्यावर इंदापूरकडील एक मुलगा व्हरांड्यांत आमच्याजवळ येऊन उभा राहिला. हा मुलगा फार बोलका नव्हे. तो म्हणाला, “गुरुजी, आमचें शेत कालव्याच्याच चारीवर आहे. पण आमची चारी अगदीं शेवटची. वरचे लोक पाणी घेतात, आणि आमच्यापर्यंत उन्हाळ्यांत तें येतच नाहीं. वडील दोन दोन रात्री वाट पाहत बसतात. मग आमचा विश्वास कमी आहे, असें समजावयाचें काय?”

आम्ही कांहीं तरी उत्तर दिलें. दृष्टांत फार ताणूं नये, असें कांहीं तरी तें होतें. मुलगा “बरें गुरुजी” म्हणून निघून गेला. परंतु आमच्या मनाचें समाधान झालें नाहीं, कारण त्याच्या प्रश्नानें आम्हांस त्याच वर्षीच्या मे महिन्यांतली एक रात्र आठवली.

आमची थोडी वडिलोपार्जित जमीन एका चारीच्या वरच्या अंगास आहे. उन्हाळ्याचें आवर्तन चालू होतें. पाटकऱ्यानें ठरवून दिलेल्या पाळीप्रमाणें रात्रीं एक वाजतां आमचें दार बंद करून पाणी खालच्या शेतकऱ्यास सोडावयाचें होतें. एक वाजला तेव्हां उसाच्या कांहीं सऱ्या भिजावयाच्या राहिल्या होत्या. आम्ही कुदळीवर हात टेकून थोडा वेळ उभे राहिलों, आणि मग उभेच राहिलों. दार बंद केलें तेव्हां दोन वाजले होते. सकाळीं खालच्या शेतकऱ्यानें सहज विचारलें, “मास्तर, रात्रीं पाणी किती वाजतां सोडलेंत?” आम्ही म्हणालों, “एक वाजतां.” तो कांहीं बोलला नाहीं. पाणी वाटेंत कोठें फुटलें असेल, अशी त्यानें आपली समजूत घातली असावी. कारण मास्तर खोटें बोलतील ही कल्पना त्याच्या मनांत आली नसावी. त्या पुढच्या रविवारीं आम्ही शब्बाथ शाळेंत दहा आज्ञा शिकविल्या.

आतां वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, आमचा कालव्याचा दृष्टांत कोठें लंगडा होता. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत पावसाविषयीं सांगितलें. तो नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पडतो. पाऊस देवाच्या हातचा आहे, तेथें मनुष्याची लुडबूड चालत नाहीं. परंतु कालवा म्हणजे पाऊस नव्हे. कालव्याला दारें असतात, आणि प्रत्येक दारावर मनुष्याचा हात असतो. देवानें दिलेलें पाणी शेजाऱ्यापर्यंत पोंचेल कीं नाहीं, हें त्या हातावर अवलंबून असतें. आम्ही चारीच्या वरच्या अंगास उभे राहून पाण्याकडे पाहत होतों, म्हणून आम्हांस त्यांत केवळ कृपा दिसली. तो मुलगा शेवटच्या टोकास उभा होता, म्हणून त्यास त्यांत आमचें पापहि दिसलें. वस्तु एकच, परंतु कोठें उभे राहून ती पाहिली, त्यावर धडा ठरतो.

शाळा सुटल्यावर आम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलों. बारा वर्षें बायबल शिकविणाऱ्या मनुष्यास आपलें एक लहानसें खोटें कबूल करणें किती जड जातें, हें तेव्हां कळलें. त्याच्या ओट्यावर बसून प्रथम पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, मग मुलांच्या शिक्षणाच्या झाल्या, आणि चहा संपल्यावर मग एकदांचें तोंडांतून निघालें. जक्कयानें प्रभूपुढें जें कबूल केलें तें आम्हांस पाठ होतें. म्हणून पुढच्या आवर्तनांत आमच्या पाळींतले चार तास तुम्हीं घ्यावे, असें आम्ही त्यास म्हणालों. तो शेतकरी ख्रिस्ती नाहीं, जक्कयाची गोष्ट त्यास ठाऊक नाहीं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “चार तास मला नकोत, मास्तर. माझा एक गेला, तेवढा एक द्या. बाकीचे द्यावयाचेच असतील तर पार खालीं सोडा. तिकडे लोकांस पाणी दिसतच नाहीं.”

आम्ही त्याप्रमाणें केलें. त्यानें शेवटच्या टोकाचें दुःख मिटलें असें मुळींच नाहीं. तीन तासांच्या पाण्यानें काय मिटणार? परंतु आम्ही ज्या धड्याच्या शोधांत इतकीं वर्षें मुंग्या आणि दिवे न्याहाळीत होतों, तो धडा त्या ओट्यावर आम्हांस एका परधर्मी शेजाऱ्यानें शिकविला. प्रभूनेंहि शेजारी कोण हें शिकवितांना याजकाचें अगर लेव्याचें उदाहरण घेतलें नाहीं, शोमरोनी मनुष्याचें घेतलें. दरसाल आषाढीच्या आधीं तुकाराम महाराजांची पालखी बारामती, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें पंढरपुरास जाते. त्या वेळीं आमच्या गांवचे लोक रस्त्यावर पाण्याचे हंडे मांडून उभे असतात, आणि अनोळखी वारकऱ्यास प्रथम पाणी देऊन मग गांव विचारतात. आमची उपासना निराळी, आमचा विश्वास निराळा, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु त्या हंड्याशेजारून जातांना आमच्या मंडळीनें मान वर करून जावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढच्या रविवारीं प्रभुभोजन होतें. भाकरीचें ताट हातोहात मागें जात होतें. शेवटच्या रांगेंत कांहीं वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. पुढें बसलेल्यांनीं आपला एवढासा तुकडा घेऊन ताट पुढें दिलें, म्हणूनच तें त्यांच्यापर्यंत भरलेलें गेलें. करिंथच्या मंडळींत कांहीं जण पोटभर जेवून उठत आणि कांहीं उपाशी राहत, म्हणून पौलानें त्यांस किती कडक शब्दांत खडसावलें, हें आम्हीं अनेकदां वाचलें होतें. त्या दिवशीं तें प्रथमच कळलें. प्रभूच्या मेजावर आम्ही पाळी पाळतों, आणि चारीवर मोडतों! मग आम्ही मेजावर नक्की काय शिकलों?

कोणी म्हणतील, ही समाजसुधारणा झाली, हा विश्वास नव्हे. त्यांस आम्ही आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यांतील केडगांवचें उदाहरण देतों. पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनाशीलतेविषयीं कोणास शंका नसावी. 1896-97 च्या व पुन्हां 1900 च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों मुली मरणाच्या दाढेंतून काढून मुक्ति सदनांत आणल्या; आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करणाऱ्या त्याच बाईंनीं त्या ठिकाणीं विहिरी खणविल्या, शेत केलें, छापखाना चालविला. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें प्रचंड काम त्यांनीं 1922 सालीं देह ठेवीपर्यंत केलें. त्यांच्या जीवनांत प्रार्थना कोठें संपली आणि विहीर कोठें सुरू झाली, हें कोणास सांगतां येईल काय?

बारामतीच्या जिरायत गांवांचेंहि असेंच आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस येथें पाझर तलाव खोदण्याचें काम सुरू झालें, तेव्हां ख्रिस्ती मदतसंस्थांकडून आलेलें धान्य आणि तेल मजुरांस मजुरी म्हणून मिळत असे. त्या कामांत हिंदु होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. आणि तलावांत जिरलेलें पाणी खालच्या विहिरींत कोणत्या धर्माच्या मनुष्यानें शेंदलें, हें त्या पाण्यानें विचारलें नाहीं. पुढें 1972 चा दुष्काळ आला, तेव्हां अशा कामांची किंमत लोकांस कळली.

आणखी एक गोष्ट आमच्या इंदापूरच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. भीमेवरचें उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें. त्याचें पाणी सोलापूर जिल्ह्यास मिळतें; परंतु त्या जलाशयाखालीं इंदापूर तालुक्यांतील गांवें आणि काळीभोर जमीन गेली. पळसदेवचें जुनें देऊळ कडक उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे वर येतें, आणि लोक तें पाहावयास जातात. आम्ही मुलांस तेथें नेतों तेव्हां इमारतीच्या कोरीव कामाबरोबर हेंहि सांगतों कीं, आपल्या पेल्यांतलें पाणी पुष्कळदां कोणाच्या तरी घरावरून वाहत आलेलें असतें. उपकारस्तुति करून पेला तोंडास लावणाऱ्यानें एवढें स्मरण ठेवावें.

तर विद्यार्थी मित्रहो, रोजच्या जीवनांत देवाचा बोध शोधूं नका असें आम्ही तुम्हांस सांगत नाहीं. शोधा, अवश्य शोधा. परंतु सांपडलेला बोध जर केवळ गोड लागला, आणि त्यानें तुमच्याकडून कांहींच मागितलें नाहीं, तर तो पुन्हां एकदां तपासून पाहा. मोटारगाडींत जागा मिळाली, रेशनच्या दुकानांत पुढचा नंबर लागला, वसतिगृहाच्या नळावर आधीं बादली भरली, घरीं ताटांत ऊन भाकरी पडली, कीं “देवानें मला दिलें” असें म्हणून थांबूं नका. देवानें दिलें हें खरेंच. पण आपल्या हातीं आलेलें तें दार आहे, तळें नव्हे. आपल्यामागें रांगेंत कोण आहे, हें मान वळवून एकदां पाहा.

तो मुलगा यंदां दहावींत आहे. त्याच्या वडिलांच्या शेतापर्यंत गेल्या उन्हाळ्यांत पाणी एकदांच गेलें. उपासनेच्या वेळीं तो आमच्या समोर बसतो, आणि आम्ही दृष्टांत सांगूं लागलों म्हणजे आमच्याकडे लक्ष देऊन पाहतो. त्याच्या नजरेसमोर जो बोध टिकेल, तोच पुढें सांगावयाचा, असा आम्हीं नेम केला आहे. त्यामुळें अलीकडे आमचे बोध पुष्कळ आंखूड झाले आहेत. रात्रीं एक वाजला कीं दार मात्र आम्ही वेळेवर बंद करितों.