दात काळा न करता कीड रोखणारी चांदी: नॅनो कण नेमकं काय करतात?

लहान मुलाचा दात किडला की ड्रिलचा आवाज आणि रडारड ठरलेली. त्यावर एक सोपा उपाय आधीच आहे: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. जपानमध्ये १९७०च्या सुमारास वापरात आलेलं हे द्रावण किडलेल्या जागी ब्रशने लावतात. ना ड्रिल, ना इंजेक्शन. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. अडचण एकच. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढचा दात असेल तर अनेक पालक नको म्हणतात.

इथे चांदीचे नॅनो कण कामाला येऊ शकतात. १ ते १०० नॅनोमीटर एवढे हे कण. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. किलोभर लहान बटाट्यांची साल मोठ्या बटाट्यांपेक्षा जास्त निघते, तसंच कण लहान झाले की चांदीचा पृष्ठभाग वाढतो आणि तिचे आयन भराभर सुटतात. हे आयन जंतूचं आवरण फाडतात, प्रथिनं निकामी करतात, डीएनएलाही धक्का लावतात. बहुतेक अँटिबायोटिक्स एकाच ठिकाणी घाव घालतात, चांदी अनेक ठिकाणी.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी असे कण, फ्लोराइड आणि कायटोसान एकत्र करून मुलांच्या दुधाच्या दातांवर लावले. २०१४मध्ये निकाल आला: एकदाच लावलेल्या औषधाने वर्षभरानंतर सुमारे दोन तृतीयांश दातांची कीड थांबलेली होती, औषध न लावलेल्या गटात सुमारे एक तृतीयांश. आणि दात काळे झाले नाहीत. मात्र दात होते जेमतेम १३०. आजही भक्कम पुरावा आहे तो जुन्या, काळा डाग पाडणाऱ्या औषधाचाच.

मग चांदी सगळीकडेच का वापरू नये? कारण जंतू चांदीलाही सरावतात. बोस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेट लावत. तिथे त्याला न जुमानणारा साल्मोनेला पसरला, तीन रुग्ण दगावले. ही नोंद १९७५ची आहे. तरीही मोज्यांपासून टूथब्रशपर्यंत ‘नॅनो सिल्व्हर’चा शिक्का मारून विक्री चालते. दवाखान्यात कामी येणारं हत्यार आपण पायाचा वास घालवायला बोथट करतोय.

आणि रील्समध्ये दिसणारं, प्यायचं ‘कोलॉइडल सिल्व्हर’? अमेरिकेच्या एफडीएने १९९९मध्येच सांगितलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी अशी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास त्वचा निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सहसा जात नाही.