ग्रुपमध्ये नेमकं कोण कोण आहे?

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती ग्रुप आहेत? फेस्टचा, सबमिशनचा, ट्रेकचा... त्या प्रत्येकात कोण कोण आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल? नाही ना? मग ही गोष्ट वाचाच.

मार्च २०२५. येमेनमधल्या हुथी बंडखोरांवर हवाई हल्ले करायची तयारी अमेरिकेत सुरू होती. चर्चेसाठी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी 'सिग्नल' अ‍ॅपवर ग्रुप काढला. त्यात उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स होते, संरक्षणमंत्री पीट हेगसेथ होते आणि 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्गही होते. हो, चक्क एक पत्रकार! तोही चुकून अ‍ॅड झालेला.

१५ मार्चला हेगसेथ यांनी ग्रुपवर हल्ल्याचं वेळापत्रकच टाकलं. एफ-१८ विमानं कधी उडणार, ड्रोन कधी पोचणार, सगळं. पहिलं उड्डाण तेव्हा जेमतेम अर्ध्या तासावर होतं. हा मेसेज भलत्याच हाती पडला असता, तर वैमानिकांच्या जिवावर बेतलं असतं. 'आम्ही गोपनीय असं काही टाकलंच नाही,' असं सरकार म्हणालं, तेव्हा 'द अटलांटिक'ने ते मेसेजच छापले. १ मे रोजी वॉल्ट्झ यांचं पद गेलं.

मग सिग्नल कच्चं अ‍ॅप आहे का? तसं नाही. त्यावरचा मेसेज मधल्या मधे कुणाला वाचता येत नाही. पण कुलूप कितीही भक्कम असलं, तरी किल्ली आपणच परक्याच्या हातात दिली तर ते काय करणार? सरकारच्या गोपनीय यंत्रणेत परवानगी असलेल्यांनाच प्रवेश असतो. त्या किचकट असतात, खिशातल्या फोनवर चालत नाहीत. म्हणून मोठी माणसंही 'पटकन ग्रुपवर टाकू' म्हणतात.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. हल्ला आत्ताच करावा का, अशी शंका व्हान्स यांनी त्याच ग्रुपवर काढली होती. म्हणजे युद्धाचा निर्णय तिथे घासला जात होता. आणि त्यातले काही मेसेज ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातील, असं सेटिंग होतं! उद्या कुणी विचारलं, 'हे कुणी, का ठरवलं?', तर उत्तर कुठे शोधायचं? लोकशाहीत सरकारी कागद जपून ठेवतात ते यासाठीच.

आपल्याकडे लष्कराने २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स काढून टाकायला सांगितलं. त्याच वर्षी 'साई' हे स्वतःचं मेसेजिंग अ‍ॅपही आणलं. पण अ‍ॅप बदललं म्हणून सवय बदलतेच असं नाही.

तुमच्यातले काही जण सीडीएस देऊन सैन्यात जातील. बाकीच्यांचा कुणी दादा, कुणी मैत्रीण सीमेवर असेल. त्यांची पोस्टिंग, रस्त्यात दिसलेल्या लष्करी ताफ्याचा व्हिडिओ, हे सगळंही कुणाच्या तरी उपयोगाचं असतं. तेव्हा सेंड दाबण्याआधी एकदा ग्रुपची यादी उघडून बघा. दहा सेकंदांचं काम आहे. वॉल्ट्झसाहेबांनी तेवढंच केलं नाही.