‘ब्रेक निकामी झाले’ म्हणण्यापूर्वी

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य इतक्या सहजपणे येते की वाचकाची नजर त्यावर क्षणभरही थबकत नाही. वीज पडली, पूर आला, ब्रेक निकामी झाले; जणू ही सारी एकाच मालिकेतील दैवी संकटे आहेत. या वाक्याने चालकाची सुटका होते, मालकाची होते आणि चौकशी करणाऱ्यांचे कामही हलके होते. दोष यंत्रावर गेला की माणसांना काही विचारावयाचे उरत नाही. परंतु ब्रेक ही वस्तू अशी एका क्षणात दगा देणारी नाही. बहुतेक वेळा ती आठवडेच्या आठवडे तक्रार करीत असते आणि ती ऐकून घेण्यास कोणाला सवड नसते.

पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड मालवाहू वाहनाने एकामागून एक अनेक मोटारींना धडका दिल्या. तेव्हाही प्रथम ब्रेकवरच बोट ठेवले गेले. नंतर पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले ते निराळेच. नव्या कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंतच्या लांब उतारावर डिझेल वाचविण्यासाठी इंजिनच बंद करण्यात आले होते. अवजड वाहनाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरणारा काँप्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन थांबले की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना साठ्यातील हवा खर्ची पडते, ती भरून येत नाही. गिअरमधील इंजिनामुळे चाकांना होणारा अटकावही नाहीसा होतो. चार पैशांचे इंधन वाचविण्याची ही युक्ती घाटात आणि उतारावर आजही अनेक जण करतात, आणि मोटारीतील शिकलेली माणसेही त्यास अपवाद नाहीत.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सांध्यावर न्हावरे हे गाव आहे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. शिक्रापूरकडून येणारा, चाकणच्या कारखान्यांशी जोडणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. मोटारींचे जग या गावाला परके नाही. याच तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात. वाहनांची शास्त्रीय चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून याच जिल्ह्यात, पुण्यात आहे. वाहन घडविणे आणि पारखणे या दोन्ही विद्या जिथे एका दिवसाच्या अंतरावर नांदतात, तिथे वाहन सांभाळण्याची विद्या मात्र रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजात, तीही गाडी बंद पडल्यावरच, आठवते.

न्हावऱ्याची खरी ओळख घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव अशी आहे. हा कारखाना अलीकडे अडचणीत सापडला, हा स्वतंत्र लेखाचा विषय. मात्र साखर कारखानदारीत एक शिस्त आहे आणि ती येथील प्रत्येक कुटुंबाने पाहिलेली आहे. हंगाम संपला की कारखाना उघडून ठेवला जातो. गिरण्यांचे रूळ काढले जातात, बेअरिंगे तपासली जातात, नळ्या साफ होतात. बॉयलरचे परीक्षण सरकारी निरीक्षकाकडून होते, त्याच्या प्रमाणपत्राशिवाय तो पेटविता येत नाही. मग समारंभपूर्वक अग्निप्रदीपन होते आणि गव्हाणीत मोळी पडते. उन्हाळ्यापासूनचे हे काम कोणालाही फुकटचा खर्च वाटत नाही, कारण ऐन हंगामात गिरणी एक दिवस थांबली तरी काय नुकसान होते हे सर्वांना ठाऊक असते. पण ज्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने त्या गव्हाणीपर्यंत ऊस येतो तिच्या वाट्याला काय येते? खांडेनवमीला धुणे, झेंडूची माळ, हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. हे यंत्र मुळात शेतासाठी घडविलेले. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते मागच्या दोन मोठ्या चाकांना, आणि त्यांची पेडले दोन असतात, डाव्या चाकाचे एक व उजव्याचे एक. नांगरटीच्या तासाच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर आल्यावर ही दोन्ही पेडले पट्टीने एकत्र जोडावयाची असतात. ती जोडली नाहीत, किंवा जोडूनही एका बाजूचे लायनर अधिक झिजलेले असले, तर ऐनवेळी ब्रेक मारताच ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. त्याच्या मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात, आणि त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात. म्हणजे उतारावर पुढचा ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचे काही टन त्याला ढकलत राहतात. चढावर याच्या उलट संकट असते. ओझ्याच्या ओढीने पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखे होते.

अशा जोडीत सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे ट्रॉली अडकविण्याची पिन. तिचे भोक लांबट झालेले, पिन मध्यावर झिजून बारीक झालेली, तिला अडकविण्याची खिट्टी हरवलेली आणि तिच्या जागी तारेचा वेढा. हे दृश्य हंगामात शोधण्यास लांब जावे लागत नाही. गाडी ओढताना आणि थांबताना मागून ‘खट्ट’ असा आवाज येऊ लागला की ही झीज हद्दीबाहेर गेली आहे, असे समजण्यास कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही. बैलगाडीचा जू किंवा कुणा कधी असा हलू लागला असता तर ज्या शेतकऱ्याने गाडी अड्ड्यावरच सोडून सुतार गाठला असता, तोच शेतकरी ट्रॅक्टरबाबत ‘हा हंगाम निघू दे’ म्हणतो. पोळ्याला बैल विश्रांती घेतो, त्याच्या खांद्याला हळद-लोणी लागते आणि खांदा सुजला आहे काय हेही त्या निमित्ताने पाहिले जाते. पूजा आणि परीक्षा तिथे एकच होती. यंत्राच्या पूजेतून परीक्षा गळून पडली.

हा दोष एकट्या शेतकऱ्याचा समजून शिक्षक-कारकुनांनी समाधान मानण्याचे कारण नाही. पगारदारांच्या पतपेढीतून कर्ज काढून जुनी मोटार घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, संगीतयंत्र वाजवून पाहतो, किती किलोमीटर चालली हे विचारतो आणि त्यावर विश्वासही ठेवतो. टायरच्या कडेवर कोरलेले चार अंक मात्र तो वाचीत नाही. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, कडेला बारीक चिरा पडतात. टायरची झीजही बोलकी असते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त भरली जात आहे, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. बाजूला फुगवटा आला असेल तर आतील दोरे तुटले आहेत. त्या टायरवर गावाबाहेर जाणे हा निव्वळ अविचार होय. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की तो बाद, आणि हे दाखविणारे छोटे उंचवटे टायर बनविणाऱ्यानेच खाचांत ठेवलेले असतात.

ब्रेकची भाषा याहून स्पष्ट आहे. अनेक मोटारींच्या ब्रेक पॅडना पत्र्याची एक लहान जीभ बसविलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. तो आवाज मुद्दाम योजलेला आहे. त्याकडे दुर्लक्ष केले की काही दिवसांनी खरखर सुरू होते, म्हणजे आता लोखंडावर लोखंड घासत आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता पेडल सावकाश खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर आतून गळत आहे. ही खूण दिसल्यावर गाडी पुढे नेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि लांब घाटात तापून उकळू लागते, म्हणून डबी भरलेली दिसली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावयाचे असते. हे कितीजण करतात?

इंजिनाच्या धुराचेही तसेच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, बहुधा एअर फिल्टर चोंदलेला. गाडी तापल्यानंतरही दाट पांढरा धूर आणि जोडीला कुलंट कमी होणे म्हणजे हेड गॅस्केट. सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत फिरू लागले तर बॅटरी आपला निरोप धाडीत आहे. एक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढतो पण वेग चढत नाही, तिथे क्लच प्लेट संपलेली असते. चाकातून येणारी घुंई वळणावर कमीजास्त झाली की बेअरिंग पाहावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सर्वच भाग असे आगाऊ सांगून जात नाहीत. ज्या इंजिनांत रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्यात तो पट्टा कोणताही आवाज न करता तुटू शकतो आणि तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. तिथे कान कामाचा नाही, वहीच हवी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला काय बदलले याची नोंद ठेवणे हाच त्यावरचा उपाय. विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर आणि कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीत एक दिवस न चुकविणाऱ्या वर्गाला हे अवघड वाटावे, याचे नवल आहे.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्यामध्ये धावली, म्हणजे शिरूरवरूनच गेली. त्या संस्थेने आगार, विभागीय कार्यशाळा आणि दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा अशी उतरंड उभी केली, त्यामागे हाच विचार होता. गाडी बंद पडो वा न पडो, ठरल्या वेळी ती खड्ड्यावर उभी राहिलीच पाहिजे. एसटीच्या गाड्यांची आजची अवस्था सर्वत्र स्पृहणीय आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पद्धत म्हणून ती खासगी वाहनधारकाच्या बेफिकिरीपेक्षा कितीतरी पुढची आहे.

कायद्याकडून या बाबतीत फारशी अपेक्षा करता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. भाड्याने चालणाऱ्या वाहनास योग्यता प्रमाणपत्राचे ठरावीक नूतनीकरण आहे. परंतु खासगी मोटार एकदा नोंदली की पंधरा वर्षांपर्यंत तिचे ब्रेक वा स्टिअरिंग कोणीही सरकारी अधिकारी पाहत नाही. शेतीचा ट्रॅक्टरही नियमांच्या भाषेत बिगरवाहतूक वाहनच. पीयूसीच्या कागदाने मनुष्य निर्धास्त होतो, पण तो कागद फक्त धुराची साक्ष देतो. ब्रिटनमध्ये सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली ती दहा वर्षे जुन्या मोटारींसाठी. १९६७ मध्ये ती मर्यादा तीन वर्षांवर आली. जपानातही पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी होते. आपल्याकडे अशी सक्ती आली तरी ती दलालाच्या खिडकीतून वाट काढील, ही शंका निराधार नाही. म्हणून सक्तीची मागणी करून थांबणे पुरेसे नव्हे.

देखभाल टळते ती केवळ आळसाने टळत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता, मजुरांना दिलेली उचल आणि शंभर-सव्वाशे दिवसांचा हंगाम या तिढ्यात सापडलेल्या मालकाला एक दिवस गाडी उभी करणे म्हणजे एक खेप बुडविणे वाटते. अस्सल सुट्या भागाच्या निम्म्या किमतीत नकली लायनर मिळतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. शिवाय ती गाडी चालविणारा मालक नसतोच. पगारी चालकाने आवाज ऐकला तरी तो सांगितल्यास खर्चाचा दोष त्याच्याच माथी येतो, आणि न सांगितल्यास अपघाताचा.

उपाय शोधावयाचा तर तो जिथे गाड्या आपणहून उभ्या राहतात तिथे शोधावा. खांडेनवमी आणि गळीत हंगामाचा प्रारंभ यांत थोड्याच आठवड्यांचे अंतर असते. कारखाने ऊसतोडणी-वाहतुकीचे करार याच्या आधीच करतात. करारात ब्रेक, पिन, टायर, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर यांच्या तपासणीची अट घालणे आणि उचलीतला काही भाग त्या दुरुस्तीसाठीच देणे त्यांना अशक्य नाही. पुढे हंगामभर हेच ट्रॅक्टर केन यार्डात आपला क्रमांक येईतो तासन्‌तास उभे असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणारी मुले फळ्यावर आणि जुन्या इंजिनावर शिकतात. त्यांच्या निदेशकांसह त्यांना त्या रांगेत पाना आणि टॉर्च घेऊन फिरू दिले, तर एका ट्रॅक्टरला दहा मिनिटे पुरतील. वजनकाट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत मोजले जाते. त्याच काट्यावर, पावती फाडण्यापूर्वी, दोन पेडले पट्टीने जोडलेली आहेत काय एवढे पाहण्यास काटा-कारकुनाला खुर्चीवरून उठावे लागेल, इतकेच.