नष्टाश्व, दग्धरथ आणि मालमोटार

शास्त्रग्रंथांतून लोकव्यवहारांतले जे दाखले 'न्याय' म्हणून येतात, त्यांत नष्टाश्वदग्धरथ हा एक फार जुना न्याय आहे. पतंजलींच्या महाभाष्यांतहि तो आला आहे. दोन गृहस्थ आपापल्या रथांतून प्रवासास निघाले. वाटेंत एकाचे घोडे नाहींसे झाले आणि दुसऱ्याचा रथ जळाला. तेव्हां एकाचा रथ व दुसऱ्याचे घोडे जोडून दोघेहि मुक्कामास पोहोंचले. वर्गांत हा न्याय सांगतांना आम्हांस पूर्वीं कल्पनेचाच रथ उभा करावा लागे. आतां आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील हमरस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजकडे बोट दाखविलें तरी पुरे.

हा मुलूख माल वाहण्यास प्राचीन काळापासून सरावलेला आहे. आमचें तेर म्हणजे पूर्वीचें तगर. तेथून गाड्यांवर माल घालून भडोच बंदरास नेत, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. आज सोलापुराहून हैदराबादेस जाणारा रस्ता नळदुर्ग-उमरग्यावरून जातो आणि धुळ्याकडे जाणारा तुळजापूर-धाराशिवावरून. या रस्त्यांवर अपघात घडतात, आणि मग जुना न्याय नव्या रूपानें प्रकट होतो. एका मालमोटारीची समोरून टक्कर होऊन केबिन चेपते व पुढचा आंस वाकतो. पण मागचा भाग शाबूत राहतो. दुसरीस मागून धडक बसून तिचा सांगाडा मुरगळतो. पण केबिन आणि पुढचा आंस धड असतात. कुशल मिस्त्री दोहोंची एक गाडी करतो. ज्याच्या घरीं पेढीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि गाडी मात्र मोडून पडली आहे, त्याला ही विद्या संजीवनीच वाटते.

हें जमतें याचें कारण साम्य. टाटांच्या कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ सालीं संपला, तरी एकाच घडणीच्या गाड्या वर्षानुवर्षें निघत राहिल्या. म्हणून एकीचा भाग दुसरीस बसतो. ज्या पाणिनीय सूत्राच्या विवरणांत वरील न्याय आला आहे, त्या सूत्राचा आशयहि हाच कीं, एकाच्या जागीं दुसरा आणावयाचा तर तो अत्यंत जवळचा असावा. मिस्त्रीनें व्याकरण वाचलेलें नसतें. पण नियम तो हाच पाळतो.

तथापि सर्वच भाग उसने घेण्याजोगे नसतात. चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया व त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी शिडीसारखी रचना. ती डोळ्यांस सरळ दिसली तरी तेवढ्यावर विसंबूं नये. दोन्ही तुळयांवर समोरासमोर चार खुणा करून दोन्ही कर्ण मोजावे. काटकोन चौकोनाचे कर्ण समान असतात, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. त्यांत फरक पडला तर चासी तिरपी झाली असें समजावें. ती तापवून सरळ करणारे पुष्कळ भेटतात; परंतु कमावलेलें पोलाद पुन्हां तापविलें कीं त्याचा कस जातो, आणि तो गेलेला कस भरल्या उसासह घाट उतरतांना कळून येतो. ब्रेकचे व चाकें वळविणाऱ्या सांध्यांचे भाग तर नवेच घालावे. तेथें वांचविलेल्या पैशाची किंमत चालक आपल्या प्राणानें देतो.

आतां खरा प्रश्न. या जोडगाडीस नांव कोणाचें द्यावयाचें? कायदा चासीवर कोरलेल्या क्रमांकास ओळख मानतो. एंजिनाचाहि क्रमांक नोंदणीपत्रांत असतो. म्हणून एंजिन बदललें तर परिवहन कार्यालयांत तशी नोंद करून घ्यावी लागते. आमच्या जिल्ह्याच्या गाड्या एमएच २५ या अक्षरांकांनीं ओळखल्या जातात. पण पाटी केव्हांहि बदलतां येते, कोरलेला अंक सहसा लपत नाहीं.

जुन्या न्यायांत दोघेहि गांवीं पोहोंचले. येथें मात्र एक गाडी चालते आणि दुसरी मरते. त्या मृत्यूची नोंद झाली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें गाडी नष्ट किंवा कायमची निरुपयोगी झाल्यास मालकानें १४ दिवसांत, अथवा होईल तितक्या लवकर, तसें कळवावयाचें असतें. बरेच जण हें टाळतात. दुरुस्तीचा खर्च विम्यांतील ठरलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला कीं विमावाले गाडी संपूर्ण बुडाली असें धरतात, आणि मोडकी गाडी विकली जाते. घेणारांत कांहीं असे निघतात कीं त्यांस लोखंडापेक्षां कागदांचीच गोडी अधिक. मेलेल्या गाडीचा क्रमांक चोरलेल्या गाडीवर चढतो, आणि भूत राजरोस रस्त्यानें फिरूं लागतें. पुढें अपघात झाला तर जाब मूळ मालकास विचारला जातो.

म्हणून घरांतील कोणी तरुण हा धंदा करीत असेल, किंवा जुनी मालमोटार घेण्याच्या विचारांत असेल, तर वडीलधाऱ्यांनीं त्याला तीन गोष्टी विचाराव्या. कर्ण मोजलेस काय? चासीवरचा अंक कागदाशीं ताडून पाहिलास काय? आणि जिचे अवयव घेतले, त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद कोठें आहे? तिसऱ्या प्रश्नास उत्तर न मिळाल्यास सौदा कितीहि स्वस्त असो, तो मोडावा.